एक पिशवी माती

आंबेखिंड,
४ ऑक्टोबर २०१५

अनू,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत देऊन टाकतो, म्हणजे पुढे तुझी खरडपट्टी काढायला मोकळा. मागे तू फोन केलास तेव्हा मी मारुतीच्या पारावर होतो. गावात रेंज फक्त तिथेच येते, आणि तिथली मंडळी आपलं बोलणं रेडिओ लावल्यासारखं ऐकतात. 'मामा, गुडघ्याला तेल लावतोस ना?' हे तू इतक्या जोरात विचारलंस की आता येताजाता प्रत्येक जण मला तेलाचं नाव विचारतो. तेव्हा यापुढे जे काय असेल ते पत्रात. सिंगापुरात जन्म काढून मी मराठी पत्र लिहायला विसरलो नाही, तूही विसरू नकोस.

तुझ्या नळ्या पुण्याच्या कॉलेजात पोचवल्या. परवानगीचे कागद तेच बघणार आहेत. हिरव्या झाकणांत पायथ्याचे भुंगेरे, पांढऱ्या झाकणांत वर सड्यावरचे, डोंगरमाथ्याच्या कातळावरचे. एकेकाला स्पिरिटमध्ये सोडताना मी 'चीअर्स' म्हणतो. तुझी मामी असती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं.

या वर्षी सड्यावर मुळीच त्रास झाला नाही हं. पूर्वी एकेका भुंगेऱ्यासाठी दगड उलटून उलटून कंबर मोडायची. आता तुझ्या मामीच्या मेधावनातल्या बाकावर बसायचं, काठीने पाचोळा सारायचा, की स्वारी हजर! तू म्हणायचीस ना, वर फार कमी आहेत म्हणून? ये आणि बघ.

मेधावनाचं हे तिसरं वर्ष. सोनमोहोर माझ्या खांद्याला लागलाय, बकुळ जरा रुसलीय. सिंगापुरात तू राहतेस त्या क्लेमेंटीत बघ, मोकळा तुकडा दिसला की लॉरीने माती येते, गवताच्या चटया येतात, झाड उभं राहतं. महिन्याभरात तिथे म्हातारे व्यायाम करायला लागतात. आणि इथे एवढा थोरला सडा, नुसता काळा कातळ, वर्षानुवर्षं ऊन खात पडलेला. मामी तिथल्या कॉरिडॉरमध्ये कुंड्या ठेवून हौस भागवायची, तिच्या नावाने एवढं तरी करायला नको? गावात नियमच केलाय, वाघजाईच्या दर्शनाला चढणाऱ्याने आपल्या शेतातली एक पिशवी माती वर न्यायची. नवरात्र तोंडावर आलंय, आता रांग लागेल. वाघजाईला ओटी आणि मेधाला माती.

तू सड्यावरून जिवंत नेलेल्या, फ्रिजमधल्या आपल्या वरच्या मजल्यावरच्यांना माझा नमस्कार सांग. थंडी पुरते ना त्यांना?

तुझा,
निशिकांतमामा

---

क्लेमेंटी, सिंगापूर
१ नोव्हेंबर २०१५

प्रिय मामा,

नळ्या पोचल्या, पत्रही पोचलं. हसून हसून ठसका लागला, आणि इथे सध्या ठसका लागायला कारण लागतच नाही. सुमात्रातली जंगलं जळताहेत आणि आम्ही महिनाभर त्यांचा धूर खातोय. माझी घरमालकीण आँटी खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबते आणि मला मास्क न घालता लिफ्टपर्यंतही जाऊ देत नाही. परवा तिला मी काय काम करते ते सांगितलं. ती म्हणाली, 'यू लुक आफ्टर बीटल, दे पे यू? सो गुड लाह!' आईला एवढ्या वर्षांत पटलं नाही ते आँटीला एका मिनिटात पटलं.

तुझा जुना ब्लॉक माझ्या बसस्टॉपसमोरच आहे. मामीच्या कढीपत्त्याची कुंडी अजून तिथे कॉरिडॉरमध्ये आहे बरं का. नवीन भाडेकरूंनी ठेवलीय.

आता कामाचं. मागे पारावरच्या मंडळींमुळे धड सांगताच आलं नव्हतं. खालचा भुंगेरा आणि वरचा भुंगेरा शेजारी ठेवले तर मलाही ओळखू येत नाहीत, इतके सारखे. पण त्यांच्या पेशींतला मजकूर वाचला की कळतं, हजारो वर्षं यांच्यात सोयरीक नाही! पंख निकामी, त्यामुळे उडून जायची सोय नाही. आणि कुणी चुकून वर पोचलाच तर हिवाळ्याच्या रात्री उघड्या कातळावर गारठून मरणार. वरच्याच्या अंगात थंडी सोसायची वेगळी युक्ती आहे, ती खालच्याकडे नाही. वरच्याला खाली उकडतं. एका डोंगराच्या दोन मजल्यांवर दोन बिऱ्हाडं, आणि एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. वरचे हे जगात फक्त आपल्या सड्यावर आहेत, मामा. बाजूच्या डोंगरांवर शोधले, मिळाले नाहीत.

माझ्या साहेबांना, डॉ. लिमना, हे फार आवडलंय. जूनमध्ये माझं कंत्राट संपतं, त्याबरोबर इथे राहण्याचा पासही. हा लेख छापून आला तर दोन्ही वाढतील, असं त्यांनी चक्क तोंडाने सांगितलं. एरवी ते फक्त मान हलवतात.

फ्रिजमधले मजेत आहेत. बाहेर बत्तीस अंश आणि त्यांच्याकडे अठरा. मी दिवसातून दोनदा काहीतरी कारण काढून त्या खोलीत जाते. नाताळानंतर त्यांची उन्हाची परीक्षा घ्यायचीय. तापमान हळूहळू वाढवत न्यायचं आणि कोण कुठवर तग धरतो ते बघायचं. सगळेच घ्यावे लागतील, थोडे घेतले तर आकड्यांना अर्थ राहत नाही. पुढच्या पावसाळ्यात वरून नवे आणू. तू म्हणतोस ना, आता भरपूर आहेत?

गुडघ्याला तेल लाव. (हळू आवाजात लिहिलंय.)

तुझी,
अनुया

---

क्लेमेंटी,
१४ फेब्रुवारी २०१६

मामा,

हे पत्र पारावर वाचू नकोस. घरी जा, दार लाव आणि मग वाच.

पांढऱ्या झाकणांतले भुंगेरे खालचे निघाले.

चायनीज न्यू इयरची सुट्टी संपली आणि निकाल आला. सगळी लॅब संत्री खात उभी होती. मी पडद्यावर बघितलं आणि हातातलं संत्रं तसंच राहिलं. तू सड्यावरचे म्हणून पाठवलेले, जवळजवळ सगळे, खालचे! मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा केलं. वाटलं माझ्या हातून काहीतरी झालं. तिसऱ्यांदा दुसऱ्या मुलीकडून करवून घेतलं. तेच. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः वरून गोळा केले होते ते सगळे वरचे होते, एकही अपवाद नव्हता. दोन वर्षांत हजारो वर्षांची वस्ती जाते कुठे? मला खरंच दरदरून घाम फुटला, आणि आमच्या लॅबमध्ये स्वेटर घालून बसावं लागतं.

डॉ. लिमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, 'अनुया, युअर अंकल... ही क्लाइम्ब ऑर नॉट?'

मी त्यांच्यावर भडकले. माझा मामा खोटं बोलणार नाही म्हणाले. मग एमआरटीच्या गाडीत उभी असताना माझ्याच डोक्यात ते घुसलं, आणि घरी येईपर्यंत निघालं नाही.

मामा, गुडघा दुखत होता ना तुझा? तू मला नाराज करायला नको म्हणून... कुणीही केलं असतं असं. राग मानू नकोस. फक्त खरं सांग. तू वर गेला होतास का?

अनुया

---

आंबेखिंड,
२७ फेब्रुवारी २०१६

चि. सौभाग्याकांक्षिणी शास्त्रज्ञ बाईसाहेब,

राग मानू नकोस म्हणे! मानला आहे. भरपूर मानला आहे. तुझं पत्र वाचलं, आणि शेजारची सुरेखा जेवणाचा डबा ठेवून गेली तो तसाच राहिला. ती संध्याकाळी येऊन विचारते, 'दादा, कुणी गेलं का?' मी म्हटलं, होय, माझी अब्रू गेली.

अगं, सिंगापुरात तांजोंग पगारला त्या बँकेत मी अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या लबाड्या पकडण्यात काढली. लोक माझ्या केबिनच्या दारावरून जाताना टाय सरळ करायचे. आणि तुझा तो लिम, ज्याने मला जन्मात पाहिलं नाही, तो विचारतो अंकल चढला की नाही? आणि तूसुद्धा? तुला कडेवर घेऊन मी तुझ्या आयुष्यातला पहिला डोंगर चढलो होतो. तेव्हा गुडघे होते, एवढाच फरक.

तर ऐक. मी वर गेलो होतो. सहा वेळा गेलो, कारण एका खेपेत तुझा कोटा पुरा होत नव्हता. सगळे भुंगेरे मेधावनातून वेचले, बाकाच्या आजूबाजूचे, सोनमोहोराच्या पाचोळ्यातले, आळ्यांमधले. माझ्याबरोबर मातीची पिशवी घेऊन सुरेखा होती, तिला विचार. सबंध गावाला विचार. वाघजाईला विचार!

मशीन तपासा तुमचं.

एवढं झाल्यावर तुझी खुशाली विचारायची इच्छा नाही, पण विचारतो. आणि वरच्या मजल्यावरच्यांची उन्हाची परीक्षा झाली का? पास झाले ना? घरी गेले का परत, फ्रिजमध्ये?

निशिकांत

---

क्लेमेंटी,
१२ मार्च २०१६

प्रिय मामा,

माझं चुकलं. तुझ्यावर संशय घेतला, माझी जीभ झडली कशी नाही. तू वर गेला होतास, माझी खात्री आहे. लिमनाही सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि 'सॉरी टू अंकल' असा निरोप दिलाय.

सहज काही विचारायचं होतं. वर नेतात ती माती कुठल्या शेतांतली? उन्हाळ्यातली की पावसातली? साधारण किती गेली असेल आतापर्यंत? आणि आळ्यांमध्ये पाचोळा तुम्ही घालता की आपोआप पडतो? हिवाळ्यात तिथे पाणी देता का?

काही विशेष नाही. फक्त नोंदीसाठी. आणि या वर्षी माती नाही नेली तर चालेल का? म्हणजे तुझे गुडघे, सगळ्यांची दमछाक. जरा थांबा एवढंच.

इथे सगळं ठीक आहे. धूर कधीच गेला. तब्येतीला जप.

तुझी,
अनू

---

आंबेखिंड,
१९ मे २०१६

अनू,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू पारावरच्या मंडळींना तीनदा फोन केलास असं कळलं. मी मुद्दाम गेलो नाही.

तुला काय वाटलं गं, मला कळणार नाही? माणूस काय विचारतो यावरून तो काय लपवतोय हे शोधायचा मला पगार मिळायचा. 'काही विशेष नाही' लिहिलंस तेव्हाच मी सावध झालो. माती कुठली, पाचोळा कुणाचा, पाणी कधी. मी तुझं आधीचं पत्र काढलं, तेच ते दोन बिऱ्हाडांचं. खालचा कुणी चुकून वर गेला तर उघड्या कातळावर गारठून मरतो, असं तू लिहिलं होतंस. चुकून! मी गावाला रांगेत उभं करून नेलं.

तरी मला खोटं ठरवायचं होतं. सुरेखाच्या शेतातली एक पिशवी माती भरली, नेहमीसारखी, बांधाजवळची मऊ. ओटीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ओतली आणि चष्मा लावून बसलो. वळवळत होत्या, अनू. पांढऱ्या, तांदळाएवढ्या अळ्या. पिशवीभर मातीत ओंजळभर. बकुळीच्या मुळाशी ही माती मी स्वतःच्या हातांनी घातलीय, वरून थोपटून. ती थंडीने मरू नये म्हणून वर पाचोळ्याची गोधडी पांघरलीय. झाडासाठी केलं, आणि वाचले ते हे.

आणि मूर्खासारखा तुला लिहीत होतो की बघ, आता किती भरपूर झालेत!

त्या रात्री झोप नाही. तू मला हे का सांगितलं नाहीस ते मला माहीत आहे. त्या वनाला मेधाचं नाव आहे म्हणून. खरं ना? तू झाडं काढा म्हणणार नाहीस आणि मी विचारणार नाही, आणि दोघं एकमेकांना गुडघ्याला तेल लावायला सांगत बसणार. तसं व्हायला नको होतं.

काढली सगळी.

ग्रामसभेत सांगितलं आणि जो गलका झाला! 'म्हातारा भ्रमिष्ट झाला', 'आमचे खांदे मोडले ते फुकट?', 'किड्यासाठी झाड तोडतंय का कुणी?' बरोबर होतं त्यांचं. मी म्हटलं, कल्पना माझी, चूक माझी, उपटायलाही मी एकटाच जातो. चार दिवस एकटा गेलो. पाचव्या दिवशी सुरेखा कुदळ घेऊन मागे आली. आली ती सरळ खणायला लागली. मग तिची जाऊ आली. मग बरेच आले. शिव्या देत देत आले, पण आले. उन्हाळा होता, माती सुकलेली, पावसाच्या आत झालं पाहिजे एवढंच मी म्हणत होतो. खरवडून, झाडूने लोटून, पिशव्यांत भरून खाली आणली. जशी नेली तशीच, दर माणशी एक पिशवी. बकुळ मी घरी आणून परसात लावली. सोनमोहोराची मुळं कातळाच्या भेगेत शिरली होती, तो निघेना, तोडावा लागला. तोडताना मी मेधाचं नाव घेतलं नाही. धाडसच झालं नाही.

बाकही काढला. सडा पुन्हा होता तसा ओसाड आहे. मी बघून आलो.

आता तू एक काम कर. तुझ्या फ्रिजमधल्या वरच्या मजल्यावरच्यांना घेऊन ये. कागद काय लागतील ते काढ, मी पुण्याला येऊन रांगेत उभा राहतो. त्यांच्या घरात घुसलेले भाडेकरू आपण काढले, आता मालकांना परत ठेवू. पाऊस सुरू झाला की लगेच ये.

तुझा,
मामा

---

क्लेमेंटी,
२ जून २०१६

मामा,

तुझं पत्र लिफ्टमध्ये उघडलं आणि माझा मजला येऊन गेला तरी मला कळलं नाही. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. 'काढली सगळी' एवढ्याच दोन शब्दांवर डोळे अडकले होते. मी तसं कधी मागितलं नसतं रे. मरेपर्यंत मागितलं नसतं.

आणि आता जे लिहायचंय ते सरळ लिहिते.

फ्रिजमध्ये कुणी नाही.

उन्हाची परीक्षा म्हणजे शाळेतल्यासारखी परीक्षा नसते, मामा. तापमान वाढवत जातात, भुंगेरा आधी पळतो, मग लटपटतो, मग उताणा पडतो. तो आकडा लिहायचा. मग त्यातलं कुणी परत उठत नाही. जानेवारीत केली ती. सगळ्यांची. निकाल आला तो त्याच्यानंतर, चायनीज न्यू इयरच्या सुट्टीनंतर. तू विचारलंस 'पास झाले ना', तेव्हा ते सगळे लेबल लावून डबीत होते. म्हणून मी तो प्रश्न टाळला.

जगातले शेवटचे होते ते. मला माहीत नव्हतं, पण होते. मी त्यांच्यासमोर स्टॉपवॉच घेऊन बसले होते आणि आकडे छान येताहेत म्हणून खूश झाले होते. आणि सगळ्यांत संताप कशाचा येतो सांगू? मजकूर वाचायला भुंगेरा मारावाही लागत नाही. एका पायात भागतं. पण सगळे जण स्पिरिटमध्ये घालतात, म्हणून मीही घातले, तुलाही घालायला लावले.

नंतर नीट बघितलं तर पांढऱ्या नळ्यांतल्या काहींत अर्धा मजकूर वरचा होता. म्हणजे नळ्यांची अदलाबदल नव्हतीच, सोयरीक झाली होती. तेव्हाच तुझ्या मातीचं लक्षात आलं. तुला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू आधी विचारलं असतंस की फ्रिजमध्ये किती आहेत. मग मी नाही म्हटलं असतं, आणि झाडं राहिली असती. आता झाडंही नाहीत आणि तेही नाहीत.

लिमना सगळं सांगितलं, माती, मेधावन, सगळं. त्यांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. खाली माळी नवीन गवताच्या चटया अंथरत होते. त्यांनी कंत्राट डिसेंबरपर्यंत वाढवून दिलंय, हेच लिहून काढ म्हणाले. कंत्राटासाठी जीव टाकत होते मी, आणि मिळालं तर आँटीला सांगायचंही विसरले.

मला शिव्या दे. पण पत्र पाठव.

अनुया

---

आंबेखिंड,
२१ ऑगस्ट २०१६

अनू,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीजवळ नेलं. टाकलं नाही. पण तुझं नाव घेतलं की चिडायचो, म्हणून महिनाभर घेतलंच नाही. सुरेखा म्हणाली, 'पोरीवर कशाला राग, तिला काय ठाऊक?' मी म्हटलं, राग पोरीवर नाहीये.

मी सोनमोहोर तोडला तेव्हा त्या फ्रिजमध्ये कुणीच नव्हतं. हे कळल्यावर जे झालं ते लिहीत नाही. मेधा गेली त्या दिवशी हॉस्पिटलमधून क्लेमेंटीला परत आलो आणि सवयीने दोन कप चहा टाकला होता, तसं काहीसं झालं.

असो. पाऊस लागला. घरात बसून बकुळीकडे बघणं होईना, म्हणून वर जायला लागलो. ओसाड तर ओसाड. आमचा मातीचा धंदा वाघजाईपासून मधल्या भेगेपर्यंतच चालला होता, हे तुला माहीत नसेल. भेगेपलीकडे सड्याचं नाक आहे, दरीवर आलेलं. तिथे वाट नाही, म्हणून कुणी पिशवी नेली नाही. माझ्या आराखड्यात ते पुढल्या वर्षी होतं, पूल टाकून. देवाची कृपा की ग्रामपंचायतीने पुलाला लाकूड दिलं नाही. मी त्यांना केवढ्या शिव्या घातल्या होत्या!

तर परवा मी त्या भेगेतून पलीकडे गेलो. कसा गेलो ते विचारू नकोस. सुरेखाने दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं होतं आणि तोंडाचा पट्टा चालू होता. पलीकडे बसून दगड उलटले. पहिल्यासारखे, एकेक. कंबर मोडली. शेवटी अंधारून यायला लागलं आणि सुरेखा पलीकडून ओरडते, 'दादा, पुरे', तेव्हा एका दगडाखाली एक होता.

एकच. काळा, आपला नेहमीचा. वरचा की खालचा, मला काय कळणार? तूच म्हणतेस तुलाही कळत नाही.

मारला नाही. मेधाचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन गेलो होतो, त्याने मधला एक पाय घेतला. दोनदा चिमटा सुटला. नंतर दगड होता तसा ठेवला आणि त्याला दगडाच्या कडेला सोडला. पाच पायांवर गेला तुरुतुरु, थोडा लंगडत, माझ्यासारखा.

पाय पुण्याला पोचवलाय. एका पायात भागतं म्हणालीस. भागव.

मामा

---

क्लेमेंटी,
२२ सप्टेंबर २०१६

मामा,

एवढासा पाय! नळीत दिसेना, मला वाटलं वाटेत पडला. भिंगाखाली धरला तेव्हा कुठे सापडला. मशीनमध्ये एकदाच घालता येणार होता, दुसरी संधी नाही. लिम स्वतः येऊन माझ्या मागे उभे राहिले. निकाल आला तेव्हा मी किंचाळले, सगळी लॅब धावत आली. लिमनी आधी मान हलवली आणि मग, तू विश्वास ठेवणार नाहीस, टाळी वाजवली.

वरचा आहे, मामा. अख्खा वरचा, खालचा एक शब्द नाही त्याच्यात. थंडीची युक्ती जशीच्या तशी.

एकटा नसणार तो. एकट्याचा जन्म होत नाही, जवळपास कुणीतरी असणारच. भेग ओलांडून कुणालाही जाऊ देऊ नकोस. तूही जाऊ नकोस. चपलेच्या तळव्याला लागलेली मातीसुद्धा तिकडे नको.

मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतेय. तिकीट काढलंय. मामीच्या ब्लॉकमधल्या त्या भाडेकरूंना भेटले, त्यांनी कढीपत्त्याची एक फांदी तोडून दिली. पण झाडाची फांदी विमानातून आणायला मनाई आहे, आणि असती परवानगी तरी आता मी आणली नसती. ती इथेच कुंडीत लावलीय, आँटीच्या कॉरिडॉरमध्ये.

येताना तुझ्यासाठी कोपीची, म्हणजे इथल्या कॉफीची, पावडर आणि गुडघ्याचा पट्टा आणते. मामीचा चिमटा घासूनपुसून ठेव.

स्पिरिट आणत नाहीये.

तुझी,
अनू